वन्संची चांदी

माझ्या रोजच्या वहीत पहिली ओळ देवाची असते. आज ती लिहून झाली आणि उरलेलं पान वन्संना दिलं. देव समजून घेईल.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं झाली, भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात ड्रेसिंग करतात. जखम धुवायची, पांढरं मलम लावायचं, पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी तेच मलम धुऊन काढायचं आणि नवं लावायचं. घरी पावाला लोणी लावतानाही त्यांचा हात तसाच चालतो, कडेपासून कडेपर्यंत, एकसारख्या जाडीने. एकदा माझ्याकडून कोपरा कोरडा राहिला तर म्हणाल्या, "वहिनी, जंतू इथूनच शिरतो." पावात! मी म्हटलं, "वन्सं, जंतूही देवानेच केले ना?" तर म्हणतात, "केले असतील. आमंत्रण कोणी दिलं?"

गेल्या महिन्यात त्यांच्या वॉर्डात एक सोनारकाका आले. भट्टीचा भडका उडून उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला, त्यात अंगठा सगळ्यांत जास्त. काका गप्प, तोंड एवढंसं झालेलं. जरा हसवावं म्हणून मलम लावता लावता वन्सं बोलून गेल्या, "घ्या काका, आज तुमची चांदी! खरंच, या मलमात चांदी असते. जंतूंची टाप नाही जवळ यायची."

काका हसले नाहीत. ज्याचा जन्म चांदी घडवण्यात गेला त्याच्यासमोर असली थट्टा करू नये, हे वन्संना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

"थांबा! काय करताय?"

"धुतेय काका. कालचं मलम काढायचं."

"चांदी काढताय? आणि जाणार कुठे ती?"

"बादलीत."

"बादली कुणाची?"

"दवाखान्याची."

"वा! म्हणजे रोज माझ्या हातावर चढवायची आणि रोज खरवडून न्यायची. बाई, आमच्याकडे याला घट म्हणतात. ज्याच्या हातून घट फार होते, त्या कारागिराला आम्ही दुसऱ्या दिवशी उभा करत नाही."

काकांनी हात उशीखाली सारला आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी तक्रार लिहिली. वरच्या साहेबांनी ती वाचून फाडायची, तर चौकशी नेमली! तिघंजण स्वयंपाकघरातला तराजू घेऊन वॉर्डात आले. शेजारच्या खाटेवर एका बाईंची पट्टी बदलायची होती. त्यांची मलमपट्टी लावण्याआधी तोलली, दुसऱ्या दिवशी काढल्यावर पुन्हा तोलली. निघाली जास्त! जखमेतलं पाणी शोषून पट्टी जड होते, हे वन्संनी तीनदा सांगितलं. पण अहवालात गेलं ते असं: "ड्रेसिंग करणाऱ्या संबंधित बाई चांदी चोरत नसून वाढवत असल्याचे दिसते. कशी, याचा खुलासा त्यांनी करावा. तोवर तक्रारदाराच्या हाताला कोणी हात लावू नये."

डॉक्टर परगावी. मुख्य सिस्टर म्हणाल्या, "कागद आलाय, माझ्याही हातात काही नाही."

त्या दिवशी वन्सं घरी आल्या आणि चपला न काढता खुर्चीवर बसल्या.

"वहिनी, ते मलम आता नुसता चिखल झालं असेल. खाली पू धरला तर जखम खोल जाणार. माणूस जगेल गं. पण अंगठा गेल्यावर सोनार कसला राहतो?"

मी देवापुढे बसले आणि जन्मात पहिल्यांदाच परक्या माणसाचा अंगठा मागितला. डावा की उजवा, हेही नीट सांगितलं. गडबड नको.

दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा घेऊन मी वॉर्डात गेले, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. वन्सं काकांच्या खाटेशी स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर, कशालाही न लावता. कागदच तसा होता.

"काका, एक विचारू? तुटलेला दागिना जोडायचा तर आधी काय करता?"

"घासून स्वच्छ करतो."

"नाही केला तर?"

"जोड धरणारच नाही! मळावर जोड बसतो का कधी? हे काय विचारणं झालं?"

"वरचा मळही चांदीचाच असला तरी?"

"चांदीचा असो नाहीतर सोन्याचा. मळ तो मळ."

वन्संनी नुसतं उशीकडे पाहिलं. काकांनीच उशीखालून हात काढला. वास मला दारापर्यंत आला. पट्टीच्या कडेने करडा-पिवळा थर दिसत होता. काकांनी तो बराच वेळ पाहिला, पारखून पाहिला.

"ही चांदी मेलेली आहे," ते हळूच म्हणाले.

"तिचं काम करून मेली. आता नवी पाहिजे."

"मग बसलात काय? धुवा की!"

"कागद आहे ना तुमचा. हात लावता येत नाही."

"सिस्टर! कोरा कागद आणा!" काका एवढ्याने ओरडले की शेजारच्या बाई खाटेवर उठून बसल्या. आणि डाव्या हाताने त्यांनी लिहिलं, शब्दन् शब्द मी पाहून उतरवलाय: "मी राजीखुशीने लिहून देतो की या बाईंनी माझ्या हातावरची चांदी रोज सकाळी चोरावी. एक दिवसही चुकवू नये."

साहेबांनी वाचलं आणि फक्त "तारीख घाला" म्हणाले.

वन्संनी तो हात धुतला तेव्हा काका कळवळत होते आणि कळवळतानाच कारागिरावर डाफरावं तसे डाफरत होते. "नखाच्या बुडाशी राहिलं, बाई! तिथे, तिथे! आईगं! हं, आता आलं." अंगठ्याच्या मुळाशी थोडा पू धरलाच होता. परत आल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं. मग रोज धुणं, रोज मलम आणि रोज काकांची देखरेख.

आज ते घरी गेले, तेव्हाही मी डबा घेऊन तिथेच होते. शर्ट स्वतः घालणार म्हणून हट्ट. नवी गुलाबी कातडी ताणलेली, अंगठा वाकायला कुरकुरत होता. एकेका बटणाला तोंड लाल होत होतं. वन्सं समोर उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मदतीला हात सुटू नयेत म्हणून घट्ट आवळलेले, हे मी मागून पाहत होते. दुसऱ्या खोलीतून मुख्य सिस्टरची तिसरी हाक आली.

"येते हो," वन्सं न वळताच म्हणाल्या. "एकच बटण राहिलंय."