गाडीत झोपलेली मुलगी

पप्पा कुठलाच सिनेमा शेवटपर्यंत बघत नाहीत. संपायला पाच-सात मिनिटं राहिली की ते उठतात, लोकांचे गुडघे चुकवत वाकून बाहेर पडतात आणि पार्किंगमधून गाडी काढून मॉलच्या गेटपाशी आणून लावतात. मग मम्मीचा फोन थरथरतो. गर्दी व्हायच्या आत निघायचं असतं, म्हणून तीही उठते. आमच्या घरात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नात अक्षता पडल्या की नवरा-नवरीकडे न बघता जेवणाकडे वळायचं, तसंच हे. मलाही कधी फरक पडला नव्हता, कारण आम्ही बघायचो त्या सिनेमांचा शेवट इंटरव्हललाच कळलेला असायचा.

या वेळचा सिनेमा मी निवडला होता. मी सहसा काही निवडत नाही. हॉटेलात गेलो तरी 'सगळ्यांचं तेच माझं' असं म्हणते. पण या सिनेमाबद्दल मी वाचलं होतं आणि तो मम्मीला दाखवायचाच असं मनात धरलं होतं. हिंदीत डब केलेला होता, त्यामुळे ती तयार झाली. पप्पा रविवारी दुपारी एसीत बसायला मिळतं म्हणून आले. भैयाने तो आधीच मोबाईलवर पळवत पळवत बघितला होता. तो घरी राहिला.

गोष्ट अशी. एका लांबच्या ग्रहावर, धुळीच्या मैदानात एक केंद्र आहे. तिथे हवामानाच्या नोंदी घ्यायला एकटीच बाई ठेवलेली आहे. एक दिवस दारावर थाप पडते आणि बाहेरून दुसरी एक बाई आत येते. ती काही दिवस राहते, बिघडलेला पंप दुरुस्त करते, हिच्याबरोबर जेवते, आणि एका सकाळी निघून जाते. ही पृथ्वीवर कळवते. तिकडून उत्तर येतं की त्या ग्रहावर तुझ्याशिवाय कुणीही नाही. प्रवासात तू फार काळ झोपेच्या पेटीत होतीस, अशा माणसांना स्वप्नं पडतात, काळजी करू नकोस. ते आवाज फार प्रेमळ आहेत. मला त्यांचाच सगळ्यात जास्त राग आला.

इथे पप्पा उठले. थोड्या वेळाने मम्मीही.

मी थांबले. शेवटी ती बाई बाहेरचं दार उघडते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच राहतो, बाहेर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. ती खाली बघते. मग तिचे डोळे हळूहळू लांब जातात, थोडे डावीकडे, आणखी लांब. पडदा काळा होतो. मागच्या रांगेतली मुलं 'काय पकवलं यार' म्हणत उठली. मी शेवटची नावं सरकून संपेपर्यंत बसून होते. नुसत्या मोकळ्या मैदानाकडे बघताना माणसाचे डोळे असे टप्प्याटप्प्याने जात नाहीत. पायांचे ठसे बघताना जातात.

गाडीत बसल्याबरोबर पप्पांनी निकाल दिला.

"काय दाखवलं बेटा हे? अख्खा पिक्चर म्हणजे बाईला पडलेलं स्वप्न."

"स्वप्न नव्हतं."

"अगं, हेड ऑफिसवाले सांगतेत ना तिला, तिथं कुणी नाय म्हणून."

"पण ते तिथे नव्हते."

"हेड ऑफिसला माहीत नसंल का?" पप्पांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली आहे. वरून लेखी आलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने घडलेली असते आणि न आलेली घडलेली नसते.

"तुम्ही शेवट बघितला नाही."

"शेवटी काय ऱ्हातंय? जागी होत असंल."

मला पुष्कळ बोलायचं होतं. माझी अडचण अशी की वाद घालायला लागले की मला वाक्यं इंग्रजीत सुचतात. शाळेत मत मांडायला इंग्रजीतच शिकवलं आणि घरी मत मांडायची वेळ फारशी आली नाही. मी डोक्यात वाक्य मराठीत आणेपर्यंत जालना रोडचा सिग्नल सुटला आणि पप्पा पुढच्या रिक्षावाल्याशी बोलायला लागले. मी मम्मीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"स्वप्नच असंल," ती म्हणाली. "एकटं राहून राहून होतं माणसाला तसं."

इथे मला खुलताबादबद्दल सांगावं लागेल.

मी दुसरीत असताना आजीचा नवस फेडायला आमचं सगळं घर खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला गेलं होतं. तिथेच रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, पंगत उठली. येताना पप्पा बाकीच्यांना घेऊन भाड्याच्या जीपमधून पुढे निघाले. धाकट्या काकांच्या जुन्या व्हॅनमध्ये भांडी होती. पुढे काका आणि मम्मी, मागे पातेल्यांच्या शेजारी सतरंजीवर मी. मला झोप येत होती, पण मी झोपले नव्हते. घाटाच्या अलीकडे काकांनी पेरू घ्यायला गाडी थांबवली. पेरूंची पिशवी ठेवायला त्यांनी मागचं दार सरकवलं आणि पैसे द्यायला वळले. मला लघवीला जायचं होतं. काकांना कसं सांगायचं, म्हणून मी काही न बोलता उतरले आणि चिंचेच्या झाडामागे गेले. परत आले तर व्हॅन गेली होती.

पेरूवाल्या बाईने विचारलं, "कुणाची गं तू?" शाळेत शिकवलं होतं तसं मी हात बांधून इंग्रजीत माझं नाव, इयत्ता आणि शाळा सांगितली. ती शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का, मडम आल्यात." मग मला पोत्यावर बसवलं, तिखट-मीठ लावलेला पेरू हातात दिला. म्हणाली, "बस इथं. येतेत. कुठं जातेत." मी घाटाच्या वळणाकडे बघत बसले. किती वेळ, ते मला खरंच सांगता येणार नाही. मग व्हॅन आली. मम्मी ती नीट थांबायच्या आत उतरली, तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच मला इतकं घट्ट धरलं की पेरू आमच्या दोघींच्या मध्ये चेंगरला. काका म्हणाले, "वहिनी, अण्णाला कळू देऊ नका." अण्णा म्हणजे पप्पा. त्यांचा राग तेव्हा फार वाईट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. मम्मी गॅसपाशी होती. न वळता म्हणाली, "स्वप्न पडलं असंल तिला. मागं झोपली होती, घाटात पण उठली नाय." काकांनी मान डोलावली. पप्पा हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ऑफिसला गेले.

तेव्हापासून आमच्या घरात हा एक शब्द झाला. मी काही सांगितलं आणि ते कुणाला पटलं नाही, की 'खुलताबाद'. शेजारच्यांनी नळाला मोटर लावली आहे असं मी म्हणाले, खुलताबाद. बसमध्ये कंडक्टरने उरलेले पैसे दिलेच नाहीत म्हणाले, खुलताबाद. नववीत ट्यूशनचे सर बाकावर उगीच खेटून बसतात असं मी एकदा जेवताना सांगितलं. भैया तेव्हा काही मोठा नव्हता, त्याने घास चावत तोच शब्द उच्चारला आणि सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात मम्मीने माझी ट्यूशन बदलली. का बदलली ते कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. आणि त्या दिवशी जेवताना ती भैयाला गप्प बस म्हणाली नव्हती.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. म्हणजे आता हे माहीत असलेली एकच व्यक्ती उरली आहे. मला तिच्याकडून एक वाक्य हवं होतं, पप्पांच्या समोर. 'हो, राहिली होती ती मागं.' एवढ्यासाठी मी तिला त्या ग्रहावर नेऊन आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मम्मी मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि तिने न बघितलेला शेवट तिला सांगितला. डोळे कसे गेले ते करून दाखवलं.

"मग दाखवले का ठसे?" तिने विचारलं.

"नाही दाखवले."

"मग कशावरून म्हणायलीस?"

"तिच्या डोळ्यांवरून."

"डोळ्यांवरून," ती म्हणाली आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं. "असं कोर्टात चालतं का?"

"मम्मी, मी व्हॅनमध्ये झोपले नव्हते."

ती निवडत राहिली. मला वाटलं, उठून जाईल. मग ती म्हणाली, आणि तक्रार केल्यासारखी म्हणाली, "तू रडली पण नव्हतीस."

मीही एक काडी निवडायला घेतली. बोलले असते तर ती थांबली असती.

"लेकरू हरवलं की रडतं. आरडाओरडा करतं. तू पोत्यावर बसून पेरू खात होतीस. मी पळत आले तरी जागची हलली नाहीस. तसंच गाडीत. घाट उतरताना मी दोनदा आवाज दिला तुला. उत्तर नाय. म्हणलं, झोपली. तू तर जागी असतानापण कधी उत्तर देतीस का? भांड्याचं झाकण खाली पडलं म्हणून मागं वळून बघितलं, तेव्हा कळलं."

इतकी वर्षं माझी समजूत होती की 'मागं झोपली होती' हे वाक्य मम्मीने त्या सकाळी गॅसपाशी तयार केलं. तसं नव्हतं. घाटात, झाकण पडेपर्यंत, ते तिच्यासाठी खरंच होतं. तिच्या गाडीत मागे एक मुलगी झोपलेली होती. तिने फक्त नंतर ती मुलगी तशीच झोपलेली ठेवली.

हे समजलं म्हणून माझा राग कमी झाला असता तर बरं झालं असतं.

"पप्पांना सांग ना," मी म्हणाले.

"येडी का काय. इतक्या वर्षांनी?"

"आता ते काय करणार आहेत?"

"करायचं काय? म्हणतील, इतकी वर्षं मला येड्यात काढलं. आणि तुझे काका गेले बिचारे, आता त्यांच्या मागं त्यांचं नाव कशाला घ्यायचं?"

आणि माझं नाव रोज घेतात ते? हे मला तेव्हा मराठीत, नीट, अगदी वेळेवर सुचलं. तरी मी मेथीच्या काड्या गोळा करून पिशवीत भरल्या.

संध्याकाळी आत्या आली. ती औरंगपुऱ्यात ब्लाऊजपीस घ्यायला आली होती आणि रिक्षा मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे टेकली. पप्पांनी चहाबरोबर तिला सिनेमा सांगायला घेतला. त्यांच्या सांगण्यात ग्रहाचा चंद्र झाला होता, पंप दुरुस्त करणाऱ्या बाईचा नवरा झाला होता, आणि शेवटी बाई पेटीतून उठून आळोखेपिळोखे देत होती.

"म्हणजे सगळं स्वप्नच," आत्या म्हणाली.

"सगळं. आणि आमची मॅडम म्हणायलीय, नाय, खरंच घडलं. तिचं खुलताबाद झालं परत."

आत्या खळखळून हसली. "अगं माय, अजून चालूच हाय का तुझं खुलताबाद?"

मी मम्मीकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, हे मी शपथेवर सांगू शकते. मग ती पप्पांना म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

मग मी बोलले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"मी झोपले नव्हते. गाडी मला सोडून गेली होती. मी पेरूवाल्या बाईजवळ बसले होते."

कुणी हसलं नाही. पप्पांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं. सिनेमातल्या त्या लांबून बोलणाऱ्या लोकांना चेहरे असते तर असेच असते.

"बरं बेटा," ते म्हणाले. "नव्हती झोपली. खूश?"

"रागावली बाई पोरगी," आत्या म्हणाली. "हल्ली काही बोलायची सोय नाय यांना."

मी दाराकडे बघत राहिले. दारात कुणी नव्हतं. आतून डबा उघडल्याचा आवाज आला, मग ताटलीचा. मम्मी बाहेर आली. मला वाद जिंकायचा नव्हता. खरं काय ते माहीत असलेलं एक माणूस या खोलीत होतं, आणि ते माझ्याकडे न बघता आत्याला म्हणत होतं, "घ्या ना ताई, चिवडा घ्या. कालच केलाय."