आणि परिवार

फर्माइशीचा कार्यक्रम बंद पडल्याचं मला कळलं, तेव्हा तो बंद पडून सव्वा वर्ष होऊन गेलं होतं. मला! जिनं बावीस वर्षं तो कार्यक्रम सादर केला, त्या बाईला! सांगितलं ते आमच्या ह्यांनी, तेही गवारीच्या शेंगा मोडता मोडता, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी हलवली म्हणून सांगावं तसं.

"मग मला बोलला का नाहीत?" मी कडाडले.

"मला वाटलं, तुला माहीतच असेल. तू ऐकत नव्हतीस?"

नव्हते ना! ओट्यावर मोबाइल टेकवून, हवं ते गाणं हवं तेव्हा लावून मी पोळ्या लाटत होते. मध्येच जाहिरात आली की कणकेच्या बोटानं ती घालवत होते. रेडिओ कपाटावर होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल होता आणि तो रुमाल मी दर दिवाळीला न चुकता धूत होते. पण रेडिओ लावून बघावा, असं सव्वा वर्षात एकदाही मनात आलं नाही. त्या दुपारी मी तो खाली काढला आणि माझ्या वेळेला लावला. कुठल्या तरी लांबच्या शहरातून एक मुलगी बोलत होती. आवाज गोड होता, पण आटपाडी कुठं आहे हे तिला ठाऊक असेल तर शपथ. मी स्टुलावर बसूनच राहिले. पोळी तव्यावर काळी झाली, तीही ह्यांनीच उतरवली.

मी हंगामी निवेदिका होते. केंद्र कुठलं ते सांगत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे ती माझी एकटीची करणी आहे. कामाची पद्धत अशी होती. साताऱ्या-सांगलीकडच्या गावागावांतून पोस्टकार्डांचा गठ्ठा यायचा. त्यातली निवडायची, गाणी शोधायची आणि अर्ध्या तासात बसवायची. गाण्याचं नाव एका ओळीत असायचं. खाली मात्र घरातल्या माणसांची नावं असायची, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, कार्डाच्या कडेनं उभी-आडवी लिहून भरलेली. ती सगळी वाचायची तर गाणी कधी लावायची? बाकीचे निवेदक नावं वाचायचे आणि दुसरं कडवं संपलं की गाण्याचा आवाज हळूहळू खाली आणून ते मारून टाकायचे. मला ते बघवायचं नाही. शेवटच्या कडव्यासाठी कुणीतरी जीव ओतलेला असतो, ते अर्ध्यावर तोडायचं म्हणजे पाप, असं माझं ठाम मत होतं. म्हणून मी रुजू झाल्यावर लाल पेन्सिल घेतली. पहिली तीन नावं ठेवायची, उरलेल्यांवर रेघ मारायची आणि वाचताना म्हणायचं, "आणि परिवार."

बावीस वर्षांत मी एकही गाणं कापलं नाही. हे मी निरोपसमारंभात माइकवर सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की मी चंगच बांधला. जुन्या श्रोत्यांची पत्रं गोळा करायची, वर पाठवायची आणि कार्यक्रम पुन्हा सुरू करायला लावायचा. नोकरी सोडताना रद्दीत निघालेल्या कार्डांचा एक गठ्ठा मी घरी आणला होता. त्यावरच्या पत्त्यांवर पत्रं लिहिली. उत्तरं दोन आली. एकानं वडील वारल्याचं कळवलं. दुसऱ्यानं आपल्या मुलीच्या गाण्यांचे व्हिडिओ बघा आणि लाइक करा, अशी विनंती केली.

पण माझा हुकमाचा पत्ता शिल्लक होता. आटपाडीजवळच्या एका वाडीवरून दिवाळी ते पावसाळा दर आठवड्याला एक कार्ड यायचं. अक्षर गोल, निळ्या शाईतलं. आणि गाण्यांची निवड अशी, की मीच कधीकधी ते गाणं पहिल्यांदा ऐकायचे. कुणीतरी निवृत्त मास्तर असावा, एकटा, दर्दी, असं मी मनात धरलं होतं. माझ्या पहिल्या वर्षात त्याच्या कार्डावर सात नावं असत. नंतर अचानक एकच नाव येऊ लागलं, दर वेळी वेगळं. मी केंद्राच्या बैठकीत ती कार्डं फडकवून सांगितलं होतं, "बघा, श्रोत्यांना वळण लावलं की लागतं." असा माणूस रेडिओसाठी दोन ओळी लिहून देणार नाही तर कोण देणार? तयार केलेला अर्ज आणि ती जुनी कार्डं पर्समध्ये घालून मी निघाले. विट्याला एसटी बदलली. दोन्ही गाड्यांत प्रत्येकाच्या कानात काही ना काही खुपसलेलं होतं आणि माझ्या शेजारणीनं अख्खी मालिका मोठ्या आवाजात मलाही दाखवली.

वाडीवर पत्ता लगेच सापडला. मास्तर मात्र नव्हता. स्लॅबचं नवं घर, बाजूला जाळीच्या आत मेंढ्यांची चार-दोन लहान पिल्लं. पडवीत पटका बांधलेले एक म्हातारे लोकर कातत बसले होते. हातातली टकळी फिरत होती आणि त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांची बायको दाणे पाखडत होती, सत्तरीची असावी.

"नमस्कार," मी म्हटलं. "रेडिओला फर्माइशीची पत्रं जायची ती याच घरातून ना?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बसा, बाई." पाणी आलं, शेळीच्या दुधाचा चहा आला.

मी गाण्यांवर आले. इतकी सुंदर गाणी तुमच्याकडं कोण निवडायचं, मावशी?

"गान्याचं आमाला काय ठावं?" ती म्हणाली. "पत्र बाजारातला शिंपी लिवायचा. मुसलमान हुता, लय सभ्य मानूस. बाजारच्या दिशी त्येच्या दुकानात जायचं आन नावं सांगायची. गानं त्यो आपल्या मनानं घालायचा. कंचं का आसंना."

मला वाटलं मी चुकीच्या घरात आले. "गाणं कुठलंही चालायचं? मग पत्र कशाला पाठवायचात?"

"नावांसाटी," ती म्हणाली, जसं काही हे कुणालाही कळावं.

आणि मग तिनं सांगितलं. दिवाळी झाली की नवरा मेंढरं घेऊन वर साताऱ्याच्या डोंगरात जायचा, मेढ्याच्या अंगाला, तो पाऊस तोंडावर आल्यावर परतायचा. आज या रानात, उद्या त्या. त्याला पत्र धाडायचं तर कुठल्या पत्त्यावर? फोन तर गावातच नव्हता. पण त्याच्या गळ्यात रेडिओ असायचा. म्हणून वाडीनं ही रीत काढली होती. घरातल्या सगळ्यांची नावं कार्डावर घालायची, थोरांपासून धाकट्यापर्यंत. ज्याचं नाव रेडिओवर आलं तो बरा आहे. नाही आलं, तर काहीतरी झालं आहे. "आमच्या वाडीत समदी असंच करायची," ती म्हणाली.

समदी! मला पोस्टकार्डांचे ते गठ्ठे आठवले. आम्ही स्टुडिओत हसायचो, या लोकांना आपलं नाव ऐकायची किती हौस म्हणून.

"येक साल लय वाईट झालं," ती पुढं म्हणाली. "धाकटी चार वर्साची. दिवाळीत तिला गोवर आला. ह्येनी जाताना म्हनलं, 'पोरगी उठली की तिचं नाव घाल. तोवर घालू नगंस.' पोरगी उठली. म्या शिंप्याला सातबी नावं सांगितली. सासू, सासरा, मी, आन मग चार पोरं. आदी समदी नावं वाचायचे. त्या टायमाला कंची तरी नवी बाई आलती. तिनं तीन नावं वाचली आन म्हनली, आनि परिवार. झालं. लावलं गानं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्येनला वाटलं, चारीबी पोरं गेली. गोवरानं नेली."

नवऱ्यानं कळप भावाच्या हवाली केला, डोंगर उतरून मेढ्याला आला आणि मिळेल त्या गाड्या धरून दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर पोचला. पण घरी गेला नाही. तिनं हात करून समोरचा कडुलिंब दाखवला, घरापासून हाकेच्या अंतरावरचा. "तितं बसला. सकाळधरनं दिस कलंपर्यंत. घरात पाऊल टाकायचा धीर हुईना. पोरं साळंत, धाकटी आजीसंगं रानात, घरात आवाज न्हाई. त्येला वाटलं, खरंच हाय. सांच्याला धाकटी शेरडू वळवाय गेली, तर आबा झाडाखाली. 'आबा, हितं का बसलाय?' म्हनली. तिला बगून ह्यो बाप्या आसा वरडला! भूत वाटलं त्येला ती. म्या भाकरी टाकून पळाले."

म्हाताऱ्यांची टकळी फिरत होती. ऐकू कमी येत असावं, किंवा ही गोष्ट त्यांना ऐकायची नसावी.

"मग शिंप्यानं युक्ती काडली," ती म्हणाली. "येका पत्रात येकच नाव. कापाय ऱ्हातंय काय? सात आटवड्यांनी फेरी पुरी व्हायची. तवर जीव टांगनीला. पर नाव तरी यायचं."

आणि मी बैठकीत ती कार्डं फडकवली होती! इतकी वर्षं ज्याच्या जोरावर मी ताठ मानेनं वावरले, ते हे होतं. गाणी वाचवली मी. ज्यांना गाण्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा माणसांच्या पोरांवर रेघ ओढून वाचवली.

आता काय करायचं? अर्ज पर्समध्ये होता. अंगठा मागितला असता तर बाईनं दिला असता. 'आणि परिवार' म्हणणारी बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं, कळायचं काही कारणही नव्हतं. सव्वातीनची गाडी होती. उठावं आणि जावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी उठलेही.

"पर गानं मातर ती पुरं लावायची," म्हातारी म्हणाली. "शिंपी लय खूश आसायचा तिच्यावर."

तेव्हा मात्र मी पुन्हा खाली बसले आणि म्हटलं, "मावशी, ती बाई मीच."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"दारात नमस्कार म्हनलासा, तवाच वळकलं. बावीस वर्सं ऐकलाय आवाज. त्यो इसरतोय व्हय?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी म्हंता का न्हाई, ते बगत हुते." आणि तिनं सूप ओढून पुन्हा पाखडायला घेतलं.

मी क्षमा मागितली. काय शब्द वापरले आठवत नाही. ज्या तोंडानं बावीस वर्षं बोलायचा पगार घेतला, ते तोंड त्या वेळी उपयोगी पडलं नाही. तिनं नुसती मान हलवली. तेवढ्यात तिच्या कमरेच्या बटव्यातला मोबाइल वाजला. मेंढरं घेऊन मेढ्याकडं गेलेल्या मुलाचा व्हॉइस मेसेज आला होता, "आई, समदी बरी हायती का?" मागं मेंढरं ओरडत होती. तिनं सराईतपणे बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाशी धरून नावं सांगायला सुरुवात केली. नवऱ्याचं, सुनेचं, नातवंडांची, मलकापूरला दिलेल्या धाकटीचं, तिच्या पोरांची. एकही गाळलं नाही, घाईही केली नाही. सोडलं बटण. झालं काम. कार्यक्रम बुडवला म्हणून मी ज्या मोबाइलला सव्वा महिना शिव्या घालत होते, तो तिनं पुसून पुन्हा बटव्यात घालायला घेतला, आणि ती थांबली.

"ते पत्र हाय का तुमच्याजवळ?"

होतं. बंडल सोडलं, पहिल्या वर्षातली कार्डं चाळली, आणि ते निघालं. निळी शाई, सात नावं, खालच्या चारांवरून माझी लाल रेघ. इतक्या वर्षांत ती जराही फिकी पडली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळली. तिनं त्या रेघेवरून अंगठा फिरवला, मग फोनचं बटण दाबून माझ्यापुढं धरलं.

"म्हना," ती म्हणाली. "पोराला धाडते. ह्येनला बी ऐकू जाऊ द्या."

मी खाकरले. पाठ आपोआप ताठ झाली. आटपाडीहून फर्माइश केली आहे, असं म्हणून मी माझ्या जुन्या आवाजात वाचायला लागले. सासू, सासरे, ती स्वतः. दोघं तर कधीच गेले होते, तरी वाचली. मग थांबले, श्वास घेतला आणि रेघेखालची नावं वाचली, मोठ्यानं, एकेक. शेवटी धाकटीचं.

पडवीतली टकळी थांबली होती. म्हातारे आमच्याकडे बघत नव्हते, समोरच्या लिंबाकडं बघत होते.

"हां," ते म्हणाले. "आली समदी."