आत्याचं झाड मंडळाचं झालं

काकाला राज्याच्या फळ मंडळावर घेतलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. मंडळ एकाच फळाचं, पेरूचं. आम्ही इंदूरवाले पेरूला जाम म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसले तरी जामच म्हणतो. काका बँकेतून रिटायर झालेला साहेब. जन्मात त्यानं कुंडीत तुळस लावली नव्हती. पण वर कोणाशी तरी ओळख होती, आणि आपल्याकडे तेवढं बस होतं. मंडळाचं ऑफिस पलासियात, मी ज्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. म्हणजे हा माणूस मला घरी पण दिसायचा आणि जिन्यात पण.

मंडळाच्या कायद्याची एक पातळ पुस्तिका होती. काका आमच्याकडे जेवायला आला की ती वाचून दाखवायचा. मंडळ जामाचा दर्जा ठरवील, जाहिरात करील, प्रदर्शनं भरवील, रोपवाटिकांना मान्यता देईल आणि वाटलं तर काढून घेईल. एखादं झाड फारच उत्तम निघालं, तर त्याला मातृवृक्ष जाहीर करून त्याच्यापासून हवी तेवढी रोपं करण्याचा अधिकार मंडळाचा राहील. ‘अधिकार’ म्हणताना त्याचा आवाज चढायचा. ‘कर्तव्ये’ आली की तो भात मागायचा.

त्याची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, इंदूरजवळ हातोदला एकटी राहते. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते, ते लवकर गेले. मूलबाळ झालं नाही. या दोन्ही गोष्टी जणू तिनं मुद्दाम केल्या, अशा नजरेनं आमच्या घरानं तिच्याकडे कायम बघितलं. तिच्या परसात जामाचं एक झाड होतं. जाम पातळ सालीचा, बिया कमी, आणि गोड असा की साखरेनं लाजावं. फळ धरलं की आत्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून एकेक जाम झाकायची आणि पोपटांना शिव्या घालत बसायची. “मेल्यांनो, पिकू तर द्या!” मला ती त्या झाडाखाली जितकी खूश दिसली, तितकी दुसरीकडे कुठे दिसली नाही.

संक्रांतीला काकाच्या तुकोगंजातल्या बंगल्यात काकूचं हळदीकुंकू असायचं. ओटीत आत्याचे जाम. आत्या टोपली मांडीवर घेऊन बसनं यायची, सगळे जाम धुऊन पुसून ताटात लावायची, आणि बायका यायला लागल्या की काकू म्हणायची, “अक्का, तुम्ही जरा आत बसा हं.” विधवेचे जाम चालायचे, विधवा चालायची नाही. एकदा मी म्हटलं, “काकू, मग जाम पण आतच ठेवा ना.” काकू गोड हसून म्हणाली, “आधी तुझं लग्न होऊ दे, मग शिकव मला.” चार बायकांसमोर म्हणाली. माझं लग्न झालेलं नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशाच एका हळदीकुंकवाला मंडळाच्या अध्यक्षांची बायको आली. ओटीतला जाम तिनं घरी नेऊन नवऱ्याला कापून दिला, आणि दुसऱ्याच दिवशी काकाला फोन. हे झाड कुठलं? काका मंडळाचा कागद घेऊन हातोदला धावला. आत्याला म्हणाला, “अक्का, सही कर, नाव निघेल तुझं.” भाऊ घरी आला, चहा प्यायला, तेवढ्यानंच ती हरखली होती. तिनं सही केली.

मग समारंभ. झाडाभोवती तारेचं कुंपण, त्याला मंडळाचं कुलूप, वर हिरवी पाटी, ‘मातृवृक्ष’. मांडव, माईक, साहेब लोक, सगळ्यांना पोहे-जिलेबी. आत्या नारळाचं तबक धरून उभी. काका माईकवर म्हणाला, “आमच्या अक्काची कूस उजवली नाही, पण तिचं झाड तरी आई झालं!” अख्खा मांडव हसला. अध्यक्षांनी तर टाळी दिली. मी मागून ओरडले, “काका, लाज वाटू दे!” तर लोकांना ती पण गंमतच वाटली. आत्या हसली नाही, रडली नाही. तबक धरून तशीच उभी राहिली, कारण नारळ अजून फोडायचा होता.

पावसाळ्यात मंडळाची माणसं गुटी बांधायला आली. गुटी म्हणजे फांदीवरची साल बांगडीएवढी सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकनं आवळायचं. मूळ फुटलं की फांदी कापून न्यायची, झालं रोप. पहिल्या वर्षी त्यांनी बेताबेतानं बांधल्या. पण त्या झाडाची बातमी पसरली. या साहेबाच्या फार्महाउसला हवं, त्या नेत्याच्या साडूला हवं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक फांदी सोडली नाही. मी गेले तेव्हा झाड अंगभर पट्ट्या बांधलेल्या पेशंटसारखं उभं होतं. आत्या कुंपणाबाहेरून म्हणत होती, “अरे, शेंड्याची तरी ठेवा. झाड श्वास कशानं घेईल?” तिला आत जायची बंदी होती. मंडळाचा माणूस म्हणाला, “माताजी, ये अब आपका पेड़ थोड़ी है.” तो उद्धट नव्हता. खरं तेच सांगत होता.

मी पलासियात जिना चढून वर गेले. काकाला म्हटलं, “झाड मरेल ते.” त्यानं पुस्तिका पुढे सरकवली. “दाखव, यात झाड जगवायचं कुठे लिहिलंय? मंडळाचं काम पिकाचा प्रसार. प्रसार चाललाय.” मी खरंच वाचली. पीक पानोपानी होतं. झाडाची काळजी कोणी घ्यायची, याबद्दल एक ओळ नव्हती. मला इतका संताप आला की त्या दिवशी क्लासमध्ये मी पोरांवर उगाच खेकसले.

फांद्या कापून नेल्यावर नुसता खुंट उरला. उन्हाळ्यात तो वाळला. मंडळाची माणसं आली, पाटी काढली, कुंपणाची तार गुंडाळून घेऊन गेली. काका आत्याला फोनवर म्हणाला, “तुझ्या हाताला यशच नाही गं. पाणी तरी घालायचंस.” कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्याकडे, आणि पाणी हिनं घालायचं!

आत्यानं त्यावर भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, “मला त्यातलं एक रोप दे. एकच.”

“रोपं फक्त नोंदणी झालेल्या बागायतदारांना,” काका म्हणाला. “तुझ्याकडे आता एकही झाड नाही. तू बागायतदार कशी?”

हे मला कळलं तशी मी स्कूटी काढली आणि तुकोगंज गाठलं. त्याच्या बंगल्याच्या आवारात त्याच झाडाची रोपं ओळीनं उभी, तरारलेली. म्हटलं, “आणि ही?” म्हणाला, “प्रात्यक्षिकासाठी. मी सदस्य आहे.” माळ्याची खुरपी तिथेच पडली होती. मी त्याच्या डोळ्यांदेखत एक रोप मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उपसलं. “ही चोरी आहे,” तो किंचाळला. “हो, आहे. बोलाव तुझं मंडळ,” म्हटलं, आणि रोप पायापाशी उभं करून थेट हातोद. वाटेत ट्रक-ट्रॉल्यांची धूळ खात होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा या घरात कोणीतरी आत्याचं काहीतरी परत आणत होतं.

आत्यानं रोप हातात घेतलं. पान चुरगळून हुंगलं. “तेच आहे गं,” म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मी खड्डा करायला पहार शोधू लागले.

“राहू दे,” ती म्हणाली.

“का? आत्या, मी लावते, तू बस.”

“लावशील. मी वाढवीन. आणि गोड निघालं तर? पुन्हा येतील ना गं ते.”

मी म्हटलं, नाही येणार, मी आहे ना. तिला माझं खरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण नाही.

शेजाऱ्यांची शेळी कुडाशी बांधलेली होती. आत्या उठली, सावकाश तिच्याजवळ गेली आणि रोप तिच्यापुढे धरलं. शेळीनं आधी शेंडा खाल्ला, मग पानं, मग कोवळी साल. आत्या सगळं संपेपर्यंत रोप घट्ट धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं शेळीची मान खाजवत होती.