वासवनचे हात

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा वासवन जन्मभर माणसं पार नेणारी होडी चालवायचा. आमच्या कुट्टनाडात पायरी संपली की पाणी सुरू होतं आणि दवाखाना पाण्यापलीकडे असतो. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी, वासवनच्या होडीवाचून कुणाचं पान हलत नसे. भरल्या ताटावरून उठायचा. नेलेलं माणूस दगावलं तर परतही तोच आणायचा, आणि त्या खेपेला चकार शब्द बोलायचा नाही. एरवी त्याला गप्प करायला तोंडात मासा कोंबावा लागे.

म्हातारपणी त्याला डिमेन्शिया झाला. आधी होडी लावायचे धक्के विसरला, मग माणसं, मग घास गिळायचा कसा तेही. हात तेवढे काही विसरले नाहीत. खाटेवर बसल्या बसल्या हवेत होडीचा बांबू रेटायचे. रिकामे राहिले की अंथरूण फाडायचे, नाहीतर स्वतःलाच ओरबाडायचे. शेवटी माझ्या बहिणीनं, तंकमणी चेचीनं, त्याच्या जुन्या बांबूचा हातभर तुकडा कापून त्याच्या हातात दिला. मग गडी दिवसभर पाणी कापत बसे.

"पोचलो का गं?"

"पोचतोय. सावकाश मार, घाई नाही कुणाला," चेची पेज भरवता भरवता म्हणायची.

पहिल्यांदा ताप चढला तेव्हा अख्खा काठ धावून आला. सगळ्यांत पुढे शेजारचा प्रसन्नन, इंजिनाची होडी घेऊन. महापुरात वासवननं त्याच्या आईला दवाखान्यात पोचवलं होतं. ती वाचली नाही, पण पोचवलं होतं. त्या उपकाराची फेड करायला पोरगा टपूनच बसलेला. दवाखान्यात वासवनच्या नाकात नळी घातली. त्यानं ती उपटली. मग त्याचे दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले. घरी आला तो पाठीला जखमा घेऊन.

त्यानंतर सरकारी आरोग्य केंद्राची डॉक्टर जिन्सी घरी आली. सरळ बोलणारी पोरगी. म्हणाली, "अम्मा, आजार शेवटाला आलाय. पुन्हा ताप येईल, घशात घरघर होईल. तिकडे नेऊन हाल वाढतील, आयुष्य नाही. उशी उंच करा, ओठ ओले ठेवा, मी औषध ठेवून जाते. घाबरलात तर मला फोन करा."

चेचीनं मान डोलावली. तिचं मागणं एवढंच होतं, की त्यानं आपल्या खाटेवर मरावं, हात मोकळे असताना. राजाचं राज्य मागावं असं काही मागितलं नव्हतं हो तिनं!

घरघर लागली ती रविवारी. आरोग्य केंद्राला कुलूप, जिन्सीचा फोन बंद. मरणानं काय कचेरीची वेळ बघून यायचं? मी उशी उंच केली, चेचीनं ओठांना ओलं फडकं लावलं. घरघर थोडी उतरली होती. पण तोवर ती ऐकून माणसं अंगणात जमलीच.

"चेची, उचला! काय बघत बसलाय?" प्रसन्नन ओरडला.

"नको रे बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय, इथेच ठेवा म्हणून."

"कुठाय ती डॉक्टर? यांनी माझ्या आईला दवाखान्यात नेलं, आणि मी यांना असं मरू देऊ? तोंड कुठे लपवू?"

"तुझं तोंड गेलं खड्ड्यात!" मी म्हणाले. "माणूस तिचा आहे की तुझा?"

मागून कुणी बाई पुटपुटली, "बायकोच कंटाळलीय, दुसरं काय." ते चेचीनं ऐकलं आणि वासवनला धरलेला तिचा हात ढिला पडला. त्या एका क्षणात चौघांनी वासवनला उचललं. बांबूचा तुकडा खाटेखाली घरंगळला. मी तो घेऊन मागच्या होडीनं गेले, तर दवाखान्याच्या दारावरचा माणूस म्हणतो, "काठी आत न्यायची नाही." काठी म्हणे! धर्म करता कर्म उभं राहतं म्हणतात, ते असं. त्या दिवशी काठावरच्या एकाएकाला कालव्यात बुचकळून काढावंसं वाटलं मला. आणि शिवी तरी कुणाला देणार? सगळे चांगले!

पुन्हा नळी, पुन्हा पट्ट्या. मंगळवारी दुपारी तो गेला. आम्ही दोघी बाहेर बाकावर होतो.

त्याला आणलं प्रसन्नननंच. येताना आम्ही कुणीच बोललो नाही. घरी ओसरीवर ठेवल्यावर मात्र प्रसन्नन रडत म्हणाला, "चेची, आम्ही काही कमी पडू दिलं नाही."

चेचीनं वासवनचा हात चादरीतून बाहेर काढला. दवाखान्यात पट्टी खाटेपासून कापली होती, मनगटावरची तशीच राहिली होती. गाठ घट्ट होती. ती दातानं सोडवावी लागली. मग चेचीनं बांबूचा तुकडा त्याच्या हातात ठेवला. बोटं आता वळत नव्हती, तुकडा छातीवरून घसरत होता. तिनं तो तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हातानं पट्टी प्रसन्ननपुढे केली.

"तुझा बाप परवा पुन्हा भलत्याच धक्क्यावर उतरला म्हणे?"

प्रसन्नननं मान डोलावली.

"मग घे. जपून ठेव," चेची म्हणाली. "तुला लागेल."