कमलआक्कांना येणारा वास

कमलआक्का गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने निपाणीहून केला, तेव्हा मी बेळगावच्या आमच्या जळीत वॉर्डात एका बाईचं ड्रेसिंग बदलत होते. हातात निर्जंतुक मोजे, फोन घेता येईना. टेबलावर तो तीनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हाच मला कळलं होतं...

आक्का या वॉर्डच्या जुन्या सिस्टर. मी येळ्ळूरहून नवीन नर्स म्हणून आले, तेव्हा त्यांनीच मला हाताखाली घेतलं. भाजलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी काढून लावतात. ती धरेपर्यंतचे पाच-सहा दिवस फार नाजूक. जंतू शिरले की ती ओल्या कागदासारखी सुटून येते. "कातडी डॉक्टर लावत्यात गं, पर ती टिकती हात धुतल्यानं," असं त्या म्हणायच्या. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय आईलासुद्धा लेकराजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. पण लोक त्यांना बिचकायचे ते वेगळ्याच कारणाने. आक्कांना जंतूंचा वास यायचा. गोडसर, फार पिकलेल्या द्राक्षांसारखा. त्यांची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि तिच्याशेजारी बसून बुरशी धरलेला तंबाखू त्या लहानपणी नुसत्या वासावर बाजूला काढायच्या. रोज सकाळी त्या वॉर्डच्या दारात डोळे मिटून उभ्या राहायच्या. तेवढा वेळ खाटांवरची माणसं कण्हायचीसुद्धा थांबायची.

संकेश्वरजवळच्या गुऱ्हाळात उकळता रस पायांवर सांडलेली एक मुलगी दोन नंबरच्या खाटेवर होती. कातडी लावून तिसरा दिवस. आक्का दारातूनच म्हणाल्या, "दोन नंबरची पट्टी सोडा."

"ताप नाही, काही नाही. परवा सोडायचीय, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

"परवा कातडी ऱ्हाणार न्हाय, सर."

पट्टी सोडली. गुडघ्यामागे रुपयाएवढा हिरवट डाग! जागा धुतली, नमुना तपासायला गेला, औषध बदललं. तेवढा तुकडा गेला, बाकीची कातडी धरली, आणि ती मुलगी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. त्याच आठवड्यात पाच नंबरच्या म्हाताऱ्या आजोबांपाशी मात्र आक्का नुसत्याच थांबल्या. त्यांनी चादर सरळ केली. मी विचारलं, "आक्का, पट्टी सोडू?" त्या हळूच म्हणाल्या, "सोड. त्यांना जरा गार वाटंल, तेवढंच..." तिसऱ्या दिवशी आजोबा गेले. तेव्हापासून त्या दारात उभ्या राहिल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत असे.

निवृत्तीनंतर आक्का निपाणीला भाचीकडे राहिल्या. साखरेमुळे पायाला जखम झाली होती, म्हणून मी एका दुपारी भेटायला गेले. पांढरीशुभ्र पट्टी, ताप नाही. चहा झाला, आणि त्यांनी पाय पुढे केला.

"सुमे, वास येतोय का बघ."

मी वाकले. स्पिरिटशिवाय मला काही येईना. "न्हाय ओ आक्का, काय बी न्हाय."

"व्हय? मग बरं," आक्का म्हणाल्या, आणि लुगडं पायावर ओढून घेतलं. शंका आली की पट्टी सोडून बघायची, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी सोडली नाही. वरून इतकं स्वच्छ दिसत होतं... आठ दिवसांत जंतू रक्तात उतरले, आणि भाचीचा तो फोन आला. पट्टी न सोडल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या सोमवारी सकाळी मी वॉर्डात शिरले आणि दारातच थबकले. गोडसर काहीतरी. बरोबरची नर्स म्हणाली, "मला नाही येत." मी तीन नंबरच्या पोराची पट्टी सोडली. कडेला हिरवट ओल होती, अगदी सुरुवातीची. त्याची आई माझे हात धरून रडली, आणि मला मात्र आक्कांची ती पांढरीशुभ्र पट्टी आठवली. इतकी वर्षं जे मला कधी आलं नाही, ते आता येतं. रोज ड्युटी संपली की मी कोपरापर्यंत हात धुते, पुसते, आणि कोणी बघत नाही असं पाहून तळवे नाकाशी नेते. अजून तरी साबणाचाच वास येतो.