वाचणाऱ्याला गिला वडा

अमरावतीला कॉलेजात असताना आमच्या मराठीच्या मॅडमनी वर्गाचा ब्लॉग सुरू केला. दर आठवड्याला प्रत्येकानं एक लेख टाकायचा आणि दोघांच्या लेखांखाली अभिप्राय लिहायचा. गुण दोन्हींना होते. मग काय, ब्लॉग नुसता ओसंडून वाहू लागला.

मी वकिलाची मुलगी. अकोल्याच्या आमच्या घरात दूधवाल्याच्या शब्दावरही सहजी विश्वास ठेवत नाहीत. त्यामुळे मला पहिल्यापासूनच दाल में काला दिसत होता. खात्री पटली ती एका मुलीच्या सेमाडोहच्या सहलीवरच्या लेखानं. त्यात वाघाची पावलं होती, सागाची झाडं होती, आणि रात्री लाटांची गाज ऐकत सगळे झोपी गेले होते. मेळघाटात लाटा! कुठल्या तरी कोकणातल्या लेखाचं शेपूट तसंच राहिलं होतं. खाली अभिप्राय: 'अप्रतिम', 'प्रत्यक्ष तिथे गेल्यासारखे वाटले'.

आधी हसले, मग माझे जुने लेख उघडून पाहिले. माझ्या लेखांखालीही हेच शब्द होते. मी तर एकेक ओळ खोडून पुन्हा लिहीत होते. मला खरंच लिहायचं होतं. पहिल्या लेखाबरोबर ब्लॉगची लिंक बाबांनाही पाठवली होती. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. उघडलीसुद्धा नसेल, असं मी धरून चालले. कोणी वाचतच नाही म्हटल्यावर मीही बिनधास्त झाले आणि एका लेखात लिहून टाकलं, की आमचे बाबा अशिलांचं तासन्‌तास ऐकतात, माझं मात्र एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

पुढच्या लेखात मी सापळा लावला. विषय होता कॉलेजचं वाचनालय. मधल्याच परिच्छेदात घुसवलं: 'इथवर वाचणाऱ्यानं रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या फाटकासमोरच्या गाडीवर यावं, दह्या-चटणीत भिजवलेला गिला वडा माझ्याकडून.' कोणी आलं नाही, तर आपणही इकडून तिकडून उचलून टाकायचं, असं ठरवलं. तसा एक लेख मोबाइलमध्ये काढूनही ठेवला.

अभिप्राय भरपूर आले. 'वाचनालयाचे सुंदर वर्णन.' वड्याचं कोणी नाव काढलं नाही.

रविवारी गाडीजवळ जाऊन उभी राहिले. वर्गातले दोघे समोरून गेले, हात केला, थांबले नाहीत. मला रागानं रडू यायला लागलं. तेवढ्यात एका ऑटोतून बाबा उतरले.

"तुमी इथं कसे?"

"कोर्टात काम होतं," ते म्हणाले. मग गाडीकडे पाहत, "काय वं, वडा देऊन राहिली ना? का तेही खोटंच लिहिलं?"

"तुमाले कोनी सांगितलं?" माझा संशय काही सुटेना.

"कोन सांगन? पयल्यापासून सारंच वाचून राहिलो मी. बाबा आयकत नाई म्हनून लिहिलं ना तू? आता हा वडा संपेस्तोवर मी काई बोलत नाई. तू बोल."

रविवारी कोर्ट बंद असतं, हे वकिलाच्या मुलीला कोणी सांगायला नको. पण मी उलटतपासणी घेतली नाही. दोन प्लेट सांगितल्या आणि बोलायला लागले.

बाबांनी तो वडा फार सावकाश खाल्ला.