दोन गोलांचं मशीन

सेलूजवळच्या कॉलेजात मी बारा वर्षं थिअरी ऑफ कंप्युटेशन शिकवते. कंप्युटरला काय जमतं नि काय नाही, हे कागदावर सिद्ध करायचं. असा कोरडा विषय म्हटला की किस्से साचतातच. नाहीतर आम्ही जगणार कशावर?

दरवर्षी पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, याची लॅब कोणत्या खोलीत हाये?"

मी म्हणते, "याची लॅब नाही. डोकं घेऊन ये."

*

एकदा स्टॅक शिकवत होते. ताटांची रास, वरचं ताट आधी निघणार. जाम गावचा राहुल, घरचा ढाबा, म्हणाला, "आमच्या ढाब्यावर खालची दोन ताटं आजोबाच्या काळापासून निघालीच नाई. ते कोणत्या कामाची?"

"ती दिसली की रास संपली हे कळतं."

पेपरात त्यानं स्टॅकच्या तळाच्या खुणेचं नाव लिहिलं, 'आजोबाची ताटं'. मी पूर्ण मार्क दिले.

*

समुद्रपूरची पल्लवी मात्र तोंडी परीक्षेत दोनदा नापास. येत सगळं होतं. इंग्रजीत विचारलं की दातखीळ. तिसऱ्यांदा नापास झाली तर वर्षच वाया. तिचे बाबा भेटायला आले. हा विषय असतो तरी काय, विचारलं.

"कोणती कामं मशीनला कधीच जमणार नाहीत, ते शोधतो."

"त्याले कॉलेज कायले पाह्यजे, मॅडम? आमचा ट्रॅक्टर पाहाले या ना!"

मग हळूच म्हणाले, "पोरीले येते सगळं. बोलाले भेते."

मी तिला बजावलं, "तुझ्या बोलीत बोल. परीक्षा घ्यायला येणाऱ्या बाहेरच्या सरांना मी सांगते."

*

तिसरी परीक्षा. बाहेरचे सर म्हणाले, "शून्य-एकच्या ओळीतली शून्यं सम संख्येत असतील तरच ती ओळ स्वीकारणारं मशीन काढ."

पल्लवीनं फळ्यावर दोन गोल काढले. पहिला समचा, सुरुवात तिथून; त्याला दुहेरी रेघ, म्हणजे शेवटी तिथे थांबलं तर ओळ स्वीकारली. दुसरा विषमचा. शून्य आलं की पलीकडे उडी, एक आलं की जागच्या जागी. खडू ठेवला.

"बस? दोनच गोल?" सरांनी फळाभर शून्यं नि एक लिहिले. "एवढ्या लांब ओळीत चुकेल हे."

"तुमीच चालवून पाहा, सर."

सरांचं बोट या गोलातून त्या गोलात जात राहिलं. शेवटी बोट दुहेरी रेघेच्या गोलात थांबलं. सरांचा विश्वास बसेना. ते पुटपुटत पहिल्यापासून शून्यं मोजू लागले.

पल्लवी म्हणाली, "सर, मले इंग्रजी बोलता नाई येत, तसं या मशीनले मोजता नाई येत. पण चुकत नाई."